‘नको’चे तीन हजार

घरात आली, पाण्याचा पेला हातात घेतला आणि घोट घ्यायच्या आधीच म्हणाली, "मावशी, आधी फीचं बोलून घेऊ."

काय ही रीत? माणसानं आधी टेकावं, माहेर कुठलं, सासर कुठलं, चार शब्द बोलावेत. हिनं पर्समधून वही काढली, पेन काढलं आणि थेट पैसे. डॉक्टरसुद्धा निदान नाडी धरतो, मग मागतो.

"कसली फी?" मी म्हटलं.

"तुमचे कागद वाचून काय करावं ते लिहून देण्याची. तीन हजार. आधी सांगितलेलं बरं असतं. नंतर दोघींनाही जड जातं."

माझी सून सुवर्णा चहा घेऊन दारात उभी होती. नाव तिनंच सुचवलं होतं. तिच्या भिशीतल्या कुणीतरी सांगितलं होतं, की तृप्ती भोईटे म्हणून एक बाई आहे, बँकेतली नोकरी सोडून पैशाचा सल्ला देते, मेडिकलच्या वर तिचं ऑफिस आहे. ऑफिसवरची पाटी मी येता-जाता बघितली होती. ‘फक्त सल्ला. इथे कोणतीही योजना विकली जात नाही.’ मला हसू यायचं. दुकान काढायचं आणि काही विकत नाही म्हणून पाटी लावायची!

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. फलटणला आमचं बांगड्यांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. आम्ही कासार. शाळा मी चौथीत सोडली, पण बाईचा पंजा नुसता दाबून बघितला की तिला दोन-चारची बांगडी बसेल की दोन-सहाची, हे न मोजता सांगते. नवरा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मुलगा श्रीकांत माल घेऊन आठवडी बाजार करायचा. त्याला दोन मुली. त्याच साली गावाबाहेरचा आमचा प्लॉट नव्या रस्त्यात गेला आणि माझ्या नावावर बँकेत चौदा लाख रुपये जमा झाले. आमच्या घरात एवढी रक्कम याआधी आली नव्हती, आणि पुढं येण्याची काही चिन्हं नव्हती.

रक्कम आली आणि पंधरा दिवसांत माझा धाकटा भाऊ दिगंबर लोणंदहून आला. तो आणि त्याचा मुलगा हर्षद मिळून मंगल कार्यालय बांधत होते. म्हणाला, "अक्का, तुझे बारा लाख घाल, तू भागीदार." कागद ठेवून गेला. पुढच्या रविवारी सही घ्यायला येणार होता.

ते कागद मी त्या पोरीपुढं ठेवले.

"फीचं काय ते ठरवू या, मावशी," ती पुन्हा म्हणाली.

"हे बघ बाई," मी म्हटलं, "आमच्या गल्लीत विम्याचा एजंट आहे. दर दिवाळीला घरी येतो, दोन-दोन तास बोलतो, कॅलेंडर देतो, वर मिठाईचा डबा. एक पैसा मागत नाही. तू नुसतं तोंडानं सांगणार आणि तीन हजार?"

"तुम्ही बांगड्या भरता. भरणावळ वेगळी घेता का?"

"छे. हात भरून झाला की बाई वाकून नमस्कार करते. तीच आमची मजुरी."

"आणि एखादी दुसऱ्या दुकानातून बांगड्या घेऊन आली, म्हणाली मावशी एवढ्या भरून द्या, तर?"

"उंबऱ्यातूनच परत पाठवीन. माझी बांगडी घेतली नाही तर मी तिचा हात कशाला चोळत बसू? फुटली तर नुकसान कुणाचं?"

"म्हणजे भरणावळ बांगडीतच असते."

"असणारच."

"एजंटची पण तशीच असते, मावशी. मी बांगडी विकत नाही. नुसता हात बघून सांगते."

तोंड चालत होतं तिचं, हे मला मान्य करावं लागलं. मी म्हटलं, "बघू."

आता आमच्याकडं ‘बघू’ म्हणजे काय, हे कुणालाही विचारा. मुलगी पसंत नसली की पाहुणे ‘बघू’ म्हणतात. उधारी द्यायची नसली की ‘बघू’ म्हणतात. पण बँकेत राहून आलेल्या पोरीला कोण सांगणार? तिनं मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं, कागदांचे फोटो काढले आणि मग कुठं चहाला हात लावला. निघताना म्हणाली, "तुमच्या मनात काय आहे, मावशी? द्यावेसे वाटतात का पैसे?"

"माझ्या मनाचं राहू दे. तू कागदाचं सांग."

गुरुवारी ती दुकानात आली. मी एका नव्या नवरीचा हात भरत होते, म्हणून ती बाजूला स्टुलावर बसून राहिली. नवरी नमस्कार करून गेली, तसं तिनं दोन कागद पुढं केले. मोठ्या, मोकळ्या अक्षरात लिहिलेले होते, मला स्वतःला वाचता यावेत म्हणून. तेवढं तिला सुचलं होतं.

"काय लिहिलंय, तूच सांग."

"नको, असं लिहिलंय."

"एवढंच?"

"कारणं खाली आहेत. कार्यालयावर चाळीस लाखांचं कर्ज काढलंय. तुम्ही भागीदार झालात, की ते कर्ज तुमचंही. उद्या त्यांचे हप्ते थकले तर बँक तुमच्या बारा लाखांवर थांबणार नाही. हे दुकान आणि वरचं घर तुमच्या नावावर आहे ना? तिथपर्यंत येऊ शकते."

"माझा भाऊ हप्ते थकवणारा नाही."

"नसतील. कार्यालय चालेलही. ते मला कळत नाही आणि मी सांगणारही नाही. मी एवढंच सांगते, की चाललं तर तुम्हाला रुपयातले दोन आणे मिळणार, आणि नाही चाललं तर सोळा आणे जाणार."

"मग चौदा लाखांचं करू काय?"

"सध्या आहेत तिथंच राहू द्यात. घाई काय आहे?"

मी सुवर्णाकडं बघितलं. "ऐकलंस? काही करायचंच नाही. आणि त्याचे तीन हजार."

पोरगी हसली. मला वाटलं होतं रागावेल.

"रविवारी दुपारी जेवायला ये," मी तिला म्हटलं. "पुरणाच्या पोळ्या आहेत."

"जेवायला कशाला, मावशी? फी तुम्ही..."

"जेवायला बोलावलं की यावं माणसानं. तिथंही वही काढू नकोस."

रविवारी दिगू अकरालाच आला. येताना त्यानं एक मोठी गुंडाळी आणली होती. ती त्यानं पलंगावर उलगडली. कार्यालयाचं रंगीत चित्र होतं. पुढं कमान, कमानीवर नाव. मी अक्षरं जुळवत वाचलं: अनुसया मंगल कार्यालय.

"तुझं नाव, अक्का," दिगू म्हणाला. "हर्षदनं सुचवलं. म्हणाला आत्याचंच द्यायचं."

खोटं कशाला सांगू, बराच वेळ माझी नजर त्यावरून निघाली नाही. माझं नाव कशावरच लागलेलं नव्हतं. दुकानाच्या पाटीवर सासऱ्याचं, घराच्या दारावर नवऱ्याचं. माहेरच्या सातबाऱ्यावर काही दिवस लागलं होतं, वडील गेल्यावर. तेही मीच काढून टाकलं. तहसील कचेरीत जाऊन हक्कसोडीवर सही केली. सगळ्या बहिणी करतात. दिगूनं त्या दिवशी पैठणी दिली आणि म्हणाला, "अक्का, जमीन माझी झाली, माहेर तुझंच." शब्द पाळलाही त्यानं. सव्वीस वर्षांत एक भाऊबीज चुकवली नाही. माझा नवरा दवाखान्यात होता तेव्हा दिगू महिनाभर उशाशी बसला होता. अशा भावाला नाही म्हणायचं असेल तर कुठल्या तोंडानं म्हणायचं?

बारा वाजता तृप्ती आली. मी तिला आणि दिगूला समोरासमोर पाटावर बसवलं. सुवर्णा वाढत होती. दुसरी पोळी ताटात पडली तसं दिगूनं विषय काढला.

"मग अक्का, कागद बघितलेस?"

"मला अडाणी बाईला काय कळतंय त्यातलं," मी म्हटलं. "ही तृप्ती. बँकेत होती. तिनं बघितलेत. हिला विचार."

पोरीनं घास हातात धरून माझ्याकडं बघितलं. एकदाच. पोळ्या कशासाठी होत्या, ते तिला तेवढ्यात कळलं. मग तिनं घास ताटात ठेवला आणि दिगूला सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच, एक शब्द मागंपुढं नाही. शेवटी म्हणाली, "म्हणून मी मावशींना नको असं लिहून दिलंय."

दिगूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणापासून त्याचं तसंच होतं.

"तुम्ही कोण हो? आम्हा बहीण-भावाच्या मधे पडणाऱ्या?"

"मी सल्लागार आहे. मला विचारलं, मी सांगितलं."

"सल्लागार! अक्का, या लोकांची जात मला माहीत आहे. इथून पैसे सोडवायचे, दुसरीकडं कुठंतरी गुंतवायला लावायचे आणि कमिशन खायचं. चौदा लाख बघून आलीय ही."

"मी कुणाकडून कमिशन घेत नाही."

"मग जगता कशावर? हवेवर?"

"ज्यांना सल्ला देते ते फी देतात."

"म्हणजे अक्का तुम्हाला पैसे देणार? हे सांगायचे?" दिगू माझ्याकडं वळला. "अक्का, तू हिला पैसे देऊन बोलावलीस? आपल्या भावाला नको म्हणायला?"

पोरगी माझ्याकडं बघत नव्हती, ताटाकडं बघत होती.

मी म्हटलं, "छे रे! मी कशाला पैसे देऊ? सुवर्णाच्या ओळखीची आहे. आपणहून आली, आपणहून कागद मागितले. मला वाटलं असेल काही चांगलं सांगत."

"बघा!" दिगू म्हणाला. मग तो तिला खूप बोलला. घरभेदी म्हणाला. बहिणींची माहेरं तोडून पोट भरणारी म्हणाला. आणखीही म्हणाला, ते सांगत नाही. भाऊ आहे माझा.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग उठली, मोरीत हात धुतले, चप्पल घातली. दारातून म्हणाली, "येते, मावशी. पोळी छान झालीय." दीड पोळी ताटात तशीच होती.

ती गेल्यावर दिगूचा पारा उतरला. तो म्हणाला, "तुझा दोष नाही, अक्का. तुला घाबरवून ठेवलंय तिनं. आता तू सही केलीस तरी मनात किडा राहणार. राहू दे. मी दुसरं बघतो." चित्र गुंडाळलं आणि पोटभर जेवून गेला. माझे पैसे राहिले, माझं माहेर राहिलं. त्या दुपारी मी शांत झोपले.

आठ दिवसांनी पाकीट आलं. सुवर्णानं दुकानात उभं राहून वाचलं. "श्रीमती अनुसया तिवाटणे. भागीदारीच्या कागदांची तपासणी आणि लेखी सल्ला. रुपये तीन हजार फक्त."

"निर्लज्ज कुठली," मी म्हटलं.

"आई, देऊन टाकू या का? बोलावलं तर आपणच होतं."

"मी बघू म्हटलं होतं. देते म्हटलं नव्हतं."

"अहो, पण मामांपुढं तिला..."

"माल आलाय, पेट्या उघड."

महिन्यानं पुन्हा तसंच पाकीट आलं. सुवर्णानं वाचलं आणि गल्ल्याखाली ठेवलं. त्यानंतर आलं नाही. मला वाटलं, संपलं.

पाच महिन्यांनी भाऊबीज. दिगू आला, साडी आणली, हिरवी, काठापदराची. पाटावर बसला. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजन पेटवलं. दिगू खुशीत होता. कार्यालयाचा स्लॅब पडला होता.

"अक्का, एक गंमत सांगतो. ती तुझी सल्लागार. तिचं दुकान उठवलं बघ मी."

"म्हणजे?"

"व्यापाऱ्यांच्या बैठकीत सांगितलं, आपल्या समाजाच्या मेळाव्यात सांगितलं. न बोलावता घरात शिरते आणि बहीण-भावात भांडणं लावते. गाव लहान आहे. दोन डॉक्टर गिऱ्हाईक होते तिचे, दोघांनी सोडली. या महिनाअखेर ऑफिस खाली करतेय म्हणे." तो हसला. "ओवाळ ना. वात विझेल."

"ती काही म्हणाली नाही? तू बोलत सुटलास गावभर, तिनं काही सांगितलं नाही?"

"काय सांगणार? बसली गप्प. खरंच होतं ना सगळं."

मी ताट खाली ठेवलं.

"दिगू, तिला मी बोलावली होती."

"काय?"

"माणूस पाठवून बोलावली. फी तिनं पहिल्याच दिवशी सांगितली होती. आणि जेवायला तू येणार म्हणूनच बोलावली, हे तिला माहीत नव्हतं."

"तिच्या नादानं तू नको म्हणालीस ना?"

"तिचा नाद कुठला? तू कागद टेकवलेस त्याच दिवशी माझ्या मनात नको होतं. या छपराखाली दोन पोरी वाढतायत. तुला सांगायला माझं तोंड उघडेना, म्हणून तिचं तोंड भाड्यानं आणलं. आणि भाडंही दिलं नाही."

दिगू कपाळावर कुंकू घेऊन तसाच बसला होता. कानाच्या पाळ्या या वेळी लाल झाल्या नाहीत. त्याला खरंच लागलं होतं.

"मला सांगितलं असतंस तर मी काय मारलं असतं तुला, अक्का?"

"मारलं नसतंस. पुढच्या भाऊबीजेला आला नसतास."

"एवढीच ओळख ठेवलीस माझी." तो उठला. "एवढी विचारून करणारी होतीस, तर हक्कसोडीवर सही करताना कुणाला विचारलं होतंस?"

"नाही विचारलं. तेव्हाच विचारायला पाहिजे होतं."

हे मी भांडायला म्हटलं नव्हतं. पण तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही. तो गेला. साडी पलंगावर राहिली. पुढं चार वर्षं आला नाही. आता येतो, पण पहिल्यासारखं बसत नाही. त्याचं कार्यालय झालं, आणि चांगलं चालतं. लग्नसराईत तारीख मिळत नाही. कमानीवर माझ्या भावजयीचं नाव आहे. शोभतं.

दिवाळी सरल्यावर सोमवारी मी मेडिकलच्या वरचा जिना चढले. गुडघे दुखत होते तेव्हाही. खोलीत खोकी भरून ठेवलेली, पोरगी कपाटातल्या फायली काढत होती. मला बघून तिनं खुर्चीवरचं खोकं उचललं.

"बसा, मावशी."

मी कमरेचा बटवा सोडून तीन हजार टेबलावर ठेवले. "पावती कर."

तिनं पैसे मोजले, पावतीपुस्तक ओढलं. "काय लिहू?"

"बिलावर होतं तेच. आणि नाव पुरतं लिही. अनुसया गजानन तिवाटणे."

"तुमच्या भावाच्या कानावर जाईल."

"गेलंय."

तिचं पेन थांबलं. मग पुन्हा चालू झालं. पावती फाडून देताना म्हणाली, "मी पैशासाठी बिल पाठवलं नव्हतं, मावशी. म्हणजे, पैसे हवेच होते. पण तुम्ही म्हणालात, आपणहून आली. त्या बिलावर तुम्ही बोलावलंत ती तारीख होती. तेवढंच मला तुम्हाला सांगता आलं."

"गावाला का नाही सांगितलंस? दिगू बोंबलत हिंडत होता तेव्हा?"

"घरात बसून विचारलेलं बाहेर सांगायचं नसतं. मग कोण विचारायला येईल मला?"

"आता तरी कोण येतंय?"

ती हसली. त्या गुरुवारी दुकानात हसली होती तशीच.

"खोकी उघड," मी म्हटलं. "ऑफिस सोडू नकोस. माझ्या दुकानात दिवसाला तीस-चाळीस बायका येतात. बांगडी अंगठ्यावर अडकलेली असताना बाईला उठून जाता येत नाही. तुझ्या बाबतीत काय घडलं, ते एकेकीला पहिल्यापासून सांगणार आहे. माझ्या खोटेपणासकट."

"नका, मावशी. तुमचं नाव..."

"माझ्या नावाचं मी बघेन." मी उठले. गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर उभी राहिले, कारण बोलायचं ते बसून बोलण्यासारखं नव्हतं.

"तुझं बिल मी सुवर्णाकडून पुन्हा वाचून घेतलं. सल्ल्याचे तीन हजार लावलेस. भरल्या ताटावर माझ्या वाट्याच्या शिव्या खाल्ल्यास, त्याचे काही लावले नाहीस. पाच महिने माझं खोटं डोक्यावर घेऊन फिरलीस, दोन डॉक्टर घालवलेस, तरी माझं नाव तोंडातून काढलं नाहीस, त्याचेही नाहीत. लोकांना पैशाचं शिकवायला बसलीयेस, आणि स्वतः हिशेबात कच्ची आहेस, पोरी."